तुम्ही विचारलंत म्हणून: मिशिगन ॲव्हेन्यूवरचं दुसरं घर

शिकागोत पाहुण्यांना कुठे कुठे नेते, असं तुम्ही विचारलंत. आमच्याकडे पाहुणे आले की पहिली जागा ठरलेली: मिशिगन ॲव्हेन्यूवरचं आर्ट इन्स्टिट्यूट. १८९३ साली विवेकानंद बोलले ती वास्तू. तिथे फोटो काढून झाले की मी त्याच रस्त्यानं दक्षिणेला चारेक मैल गाडी नेते आणि ३८३१ नंबरच्या एका जुन्या घरापुढे थांबते. एका धान्याच्या व्यापाऱ्यानं तेही विवेकानंद आले त्याच सुमारास बांधलेलं. पाहुणे आधी दबक्या आवाजात विचारतात, "हा भाग सुरक्षित आहे ना?" आणि मग, "पण इथे आपलं काय आहे?" पहिल्या प्रश्नाचा मला त्रास होतो. दुसऱ्याचं उत्तर द्यायला मात्र मनापासून आवडतं.

हे साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर, इथल्या कृष्णवर्णीय वस्तीनं उभं केलेलं कलाकेंद्र. १९४० च्या डिसेंबरात सुरू झालं. त्या काळी शिकागोतले कृष्णवर्णीय चित्रकार आर्ट इन्स्टिट्यूटच्या शाळेत शिकत होते, आर्चिबाल्ड मॉटली तिथेच शिकले. पण शिकून झाल्यावर चित्र टांगायचं कुठे? शहरातल्या गॅलऱ्यांची दारं त्यांना बहुतेक बंदच. मंदीच्या दिवसांत सरकारी कलायोजनेतून शिक्षकांचे पगार मिळणार होते, घराच्या दुरुस्तीचा खर्चही मिळणार होता. घर मात्र वस्तीनं स्वतः घ्यायचं होतं. मग वस्तीनं पैसे गोळा केले. चित्रकार मार्गारेट बरोज तेव्हा विशीतली. हातात डबा घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राहायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून एकेक डाइम मागायची. डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं, आकारानं सगळ्यात लहान. त्या मोहिमेचं नावच होतं 'माइल ऑफ डाइम्स', नाण्याला नाणं लावून मैलभर. १९४१ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट रीतसर उद्घाटनाला आल्या.

आत गेलात की आधी भिंतींकडे बघा, चित्रांकडे नंतर. सगळ्या भिंतींना लाकडी फळ्या आहेत आणि त्या खिळ्यांच्या भोकांनी भरून गेल्या आहेत. कुठे एकटं भोक, कुठे दाटीवाटीनं दहा-बारा. प्रत्येक भोक म्हणजे इथे कुणाचं तरी चित्र लागलं होतं. लांबी भरून, रंग देऊन ती कधीच झाकता आली असती. झाकली नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. तळघरातल्या डार्करूममध्ये छायाचित्रकार गॉर्डन पार्क्स फोटो धूत असत. कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्स कवितेच्या वर्गाला इथेच येत, पुढे १९५० साली पुलित्झर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय. सरकारी पैसा चाळीसच्या दशकातच आटला. त्या योजनेतून देशभर शंभरावर केंद्रं निघाली होती, त्यांतलं आपल्या मूळ घरात टिकलेलं हे एक. टिकलं ते वस्तीनं धरून ठेवलं म्हणून.

बरोजबाई पुढे शाळेत शिकवत, तुरुंगात जाऊन कैद्यांनाही शिकवत. लिनोलियम कोरून त्या छापचित्रं करत, कारण एका ठशातून पुष्कळ प्रती निघतात आणि साध्या घरालाही चित्र परवडतं. १९६१ साली त्यांनी आणि नवऱ्यानं याच रस्त्यावरच्या आपल्या राहत्या घरात कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं संग्रहालय उघडलं. आजचं ड्यूसेबल संग्रहालय ते हेच.

आता "आपलं काय" याबद्दल. केंद्रासाठी पैसे उभे करायचे म्हणून चार्ल्स व्हाइट नावाच्या जेमतेम एकविशीतल्या चित्रकारानं एक मोठं चित्र केलं. त्यात कोण असावं हे 'शिकागो डिफेंडर' या वर्तमानपत्राच्या वाचकांनी मतं देऊन ठरवलं. पाच जण निवडून आले: गुलामगिरीविरुद्ध लढलेले सोजर्नर ट्रूथ आणि फ्रेडरिक डग्लस, शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन, गायिका मेरियन अँडरसन आणि शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. ते चित्र आता वॉशिंग्टनला, हॉवर्ड विद्यापीठात असतं. मी फोनवर दाखवते.

गेल्या खेपेला साताऱ्याहून आत्या आल्या होत्या. गुडघे दुखतात म्हणून गाडीतच बसते म्हणत होत्या, कशाबशा आत आल्या. फोन डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, "अगं, हा तर आपला कार्व्हर! वीणा गवाणकरांचं पुस्तक मी तुझ्या आतेभावाला तीनदा वाचून दाखवलंय." मग त्या खुर्ची ओढून त्या भोकांच्या भिंतीसमोर बसल्या आणि मला म्हणाल्या, "आता ती डबेवाली मुलगी पहिल्यापासून सांग."