आधी माळ, मग तळं : साउथ डकोटातले तीन मुक्काम

शिकागो-मिनियापोलिसकडून माउंट रशमोर बघायला निघालेली बहुतेक मराठी कुटुंबं वाटेत बॅडलँड्सला दोन तास थांबतात, फोटो काढतात आणि रॅपिड सिटीचं हॉटेल गाठतात. तिथला गवताळ माळ तंबूत राहून बघायचा असेल तर तीन रात्री काढाव्यात: दोन बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानातल्या सेज क्रीकला आणि तिसरी हॉट स्प्रिंग्ज गावाजवळच्या अँगोस्टुरा जलाशयाकाठी. क्रम उलटा करू नका. सेज क्रीकला पिण्याचं पाणी अजिबात नाही. अँगोस्टुराला नळ, शॉवर, वीज आणि वाळूचा किनारा आहे. चिखलाने बरबटलेला तंबू धुऊन वाळवायची सोय शेवटच्या मुक्कामाला हवी.

सप्टेंबर सगळ्यात चांगला. जूनमध्ये माळ हिरवागार असतो, पण पाऊसही याच महिन्यात सर्वाधिक. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३८ अंशांपलीकडे जातो आणि सेज क्रीकला सावली म्हणजे टेबलांवरचं छप्पर, एवढीच.

आय-९० महामार्गावरून १३१ नंबरच्या एक्झिटला उतरा, २४० नंबरच्या रस्त्याने उद्यान बघत पिनॅकल्सच्या प्रवेशद्वारापर्यंत या आणि तिथून आठ मैलांवरच्या वॉल गावात जा. पेट्रोल, बर्फ, पाणी सगळं इथेच भरून घ्यायचं आणि मग मागे फिरायचं. माणशी रोज ४ लिटर प्यायला आणि २ लिटर स्वयंपाकाला-हात धुवायला धरा. चौघांना दोन दिवसांचे ४८ लिटर होतात, म्हणून २० लिटरचे तीन कॅन घ्या. ओढ्याचं पाणी गाळून वापरू हा विचार सोडून द्या. त्यात इतकी बारीक माती असते की ते दुधाळ दिसतं आणि फिल्टर काही मिनिटांत तुंबतो.

पिनॅकल्सजवळून सेज क्रीक रिम रोड हा खडीचा रस्ता आत जातो. मुक्कामाच्या जागा मोफत आहेत, आरक्षण नाही, जो आधी येईल त्याची जागा. १८ फुटांपेक्षा लांब आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी) चालत नाही. शनिवार-रविवार टाळा, नाहीतर दुपारच्या आत पोचा. जागा मिळाली नाही तर शेजारच्या बफेलो गॅप राष्ट्रीय गवताळ प्रदेशात मोफत राहता येतं, पण तिथे संडासही नाही. आणि कड्याच्या अगदी काठावर तंबू ठोकण्याचा मोह आवरा. दृश्य देखणं असतं, पण रात्री वारा सुटला की तिथे झोप लागत नाही.

इथे वाऱ्याला अडवायला झाड नाही, म्हणून तंबूच्या खुंट्यांकडे नीट लक्ष द्या. तंबूसोबत येणाऱ्या बारीक आकड्याच्या खुंट्या सुकलेल्या चिकणमातीत वाकतात. १२ इंची पोलादी खिळे आणि हातोडी घ्या. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकवून तिरकी ठोका, चारही ताणदोऱ्या बांधा. पाऊस पडला की हीच माती मऊ होऊन खुंट्या सुटायला लागतात, तेव्हा पावसानंतर प्रत्येक खुंटी पुन्हा ठोकायची. उकाड्याच्या दिवशी वारा बहुधा दक्षिणेकडून येतो, वादळ मात्र बऱ्याचदा वायव्येकडून. म्हणून तंबूची अरुंद बाजू वायव्येला ठेवा. विजा चमकू लागल्या की तंबू सोडून गाडीत बसा.

शेकोटी पूर्ण बंद. संपूर्ण बॅडलँड्स उद्यानात हा नियम आहे आणि वाळलेलं गवत पाहिलं की तो का आहे हे कळतं. गाडीही उंच वाळक्या गवतावर उभी करू नका, तापलेल्या सायलेन्सरने पेट घेतं. स्वयंपाक गॅसच्या स्टोव्हवर. वाऱ्याने आच उडते म्हणून आडोसा लागतोच, पण डब्याच्या डोक्यावर बसणारा स्टोव्ह असेल तर चारही बाजूंनी पत्रा लावू नका. उष्णता खाली कोंडून गॅसचा डबा तापतो आणि फुटू शकतो. वाऱ्याच्या बाजूला आडोसा, उरलेली बाजू उघडी. छोटा कुकर नेला तर खिचडी कमी गॅसमध्ये होते. दशम्या, थेपले, चटणी असली की भांडी घासायचं पाणीही वाचतं.

बायसन, म्हणजे गव्यासारखी दांडगी रानटी जनावरं, तंबूंच्या मधून चालत जातात. त्यांच्या मळलेल्या वाटेवर आणि लोळून उघड्या पडलेल्या खड्ड्यांजवळ तंबू लावू नका. अंतर किमान १०० यार्ड. जनावर जवळ आलं तर आपणच गाडीमागे सरकायचं. शेपूट उभी झाली म्हणजे ते चिडलंय. जुलै-ऑगस्ट हा त्यांचा माजाचा काळ, तेव्हा रात्रभर नरांची घरघर ऐकू येते. प्रेअरी डॉग या खारीच्या जातीच्या प्राण्याच्या बिळांपासूनही लांब राहा. त्यांच्या पिसवांतून प्लेग पसरतो आणि बिळांत रॅटलस्नेक हे विषारी साप असू शकतात. संध्याकाळी गवतातून चालताना बूट आणि टॉर्च हवेच.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते चिखलात. इथल्या मातीत ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली बेंटोनाइट नावाची चिकणमाती आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रानात पावसाळ्यात पाऊल टाकलंय त्यांना हा चिखल ओळखीचा वाटेल, कारण ओलं झालं की फुगणारं तेच खनिज, मॉन्टमोरिलोनाइट, दोन्हींत आहे. चाकांना थर चढत जातो, चाक आणि मडगार्डमधली फट भरते आणि फोर-व्हील ड्राइव्ह गाडीही आडवी सरकते. पावसानंतर लगेच निघू नका. ऊन-वारा असेल तर काही तासांत रस्ता आवळतो. म्हणूनच निघायच्या दिवशी विमान किंवा लांबचं बुकिंग ठेवू नये.

तिसऱ्या दिवशी वॉल, रॅपिड सिटी आणि तिथून ७९ नंबरचा रस्ता धरून अँगोस्टुरा, अडीच तास धरा. शायन नदीवरचा हा जलाशय. राज्य उद्यानाचं आरक्षण ९० दिवस आधी उघडतं, उन्हाळ्यातल्या सुट्टीच्या दिवसांना ते त्याच सकाळी करावं. गाडीचा प्रवेश परवाना आणि जागेचं भाडं ही दोन वेगळी देणी आहेत.

इथे शेकोटीला कोंडाळी आहेत. लाकूड घरून आणू नका, तिथेच घ्या, म्हणजे झाडं पोखरणारी कीड सोबत जात नाही. कॉटनवुडच्या झाडांची सावली गोड असते, पण वाळकी फांदी डोक्यावर नाही ना हे वर बघूनच तंबू लावा, वाऱ्यात ती तुटते. पाणी शेतीला सोडलं जातं, त्यामुळे उन्हाळ्याच्या शेवटी ते मागे हटतं आणि काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडतो. पोहायचं असेल तर जून-जुलै बरा. हवेने फुगवलेल्या खेळण्यांवर मुलांना एकटं सोडू नका. काठाकडून वारा असला की ती पाहता पाहता आत जातात. लाइफ जॅकेट घाला. कयाक-बोट असेल तर रस्त्यावर नेताना पाणी काढायचं बूच उघडंच ठेवायचं, बाहेरून आलेल्या उपद्रवी शिंपल्यांचा प्रसार थांबवण्यासाठी इथला तो कायदाच आहे.

आणि अनवाणी फिरू नका. पश्चिम साउथ डकोटात सराटा उगवतो, आपल्या शेताच्या बांधावरचाच. सायकलचं टायर, हवेची गादी, तळपाय काही सोडत नाही. गादी अंथरण्याआधी तंबूच्या तळावरून हात न फिरवता जुना टॉवेल ओढा, काटे त्यात अडकून येतात. पंक्चरच्या चार पट्ट्या सोबत असू द्या.