बेहड्याच्या ढोलीपर्यंत : संगमेश्वरच्या रानात जाणार असाल तर पऱ्याने जाऊ नका

बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा : मार्चमध्ये पऱ्यातून, म्हणजे ओढ्याच्या कोरड्या पात्रातून, वर चढू नका. आम्ही निघालो होतो बेहड्याच्या झाडातली महाधनेशाची (ग्रेट हॉर्नबिल या मोठ्या पक्ष्याची) ढोली बघायला. आम्हाला एका ट्रेकवाल्याने पाठवलेल्या वर्णनात लिहिलं होतं, "देवळामागून पऱ्या धरायचा, पूर्ण सावली, 40 मिनिटांत बेहड्यापाशी." आम्हाला तीन तास दहा मिनिटं लागली. मी आणि माझी मैत्रीण, दोघीही वर्षाला पाच-सहा घाटवाटा करतो, त्यामुळे दम कमी पडला असं नाही. वर्णनच चुकीचं होतं, किंवा जुनं झालं होतं. का जुनं झालं होतं ते पुढे सांगते, कारण या सगळ्या प्रवासात मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट तीच आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. संगमेश्वर तालुका, सह्याद्रीच्या पायथ्याचं गाव, देवरुखपासून एसटीने तासाभरावर, एवढं पुरे. महाधनेशाच्या ढोलीचा पत्ता उघड्यावर टाकणं बरं नाही. ज्यांना खरंच जायचंय त्यांनी देवरुखात दोन दिवस राहावं, माणसांशी बोलावं, गाव सापडतं.

आधी पैशाचं. तुतारी एक्स्प्रेसने पहाटे संगमेश्वर रोडला उतरलो. स्टेशनबाहेर एका गाडीवाल्याने गावापर्यंतचे 1,800 रुपये मागितले, 1,500 वर आला. आम्ही झोपेत होतो, दिले. वाटेत त्याने "तिकडे एसटी जातच नाही" असं दोनदा सांगितलं. जाते. संध्याकाळी देवरुखहून वस्तीची गाडी सुटते, रात्री गावात राहते आणि सकाळी परत निघते. येताना आम्ही तिनेच आलो. बायकांना अर्धं तिकीट आहे, स्टेशनपर्यंत दोघींचे मिळून शंभराच्या आत गेले. उतरल्या उतरल्या गाडी ठरवू नका. देवरुखच्या आगारात चौकशी करा आणि आदल्या संध्याकाळीच गावात पोहोचा. पहाटे गावात असणं फार फायद्याचं आहे, ऊन चढायच्या आत वर जाता येतं.

आता पऱ्या. पावणेसातला देवळामागून निघालो. पहिली वीस मिनिटं खरंच सावली होती. ऐन, किंजळ, सातवीण, मधे एक रानजायफळ. मग दोन्ही बाजूंची झाडं विरळ झाली आणि पऱ्यात पानांचा थर लागला. किती? माझ्या पोटरीपर्यंत. खाली दगड आहे की दोन दगडांमधली फट, काही कळत नाही. प्रत्येक पाऊल काठीने चाचपून टाकायचं. काठी नसेल तर पाऊल टाकायचंच नाही. मैत्रिणीचा पाय दोनदा फटीत गेला, दुसऱ्यांदा गुडघा दगडावर आपटला. आणि सर्वांत वाईट म्हणजे वर कडेने खाजकुयलीच्या वाळलेल्या शेंगा लटकत होत्या. वारा आला की तिची कुसं उडतात. मान, मनगटं, कानामागे, सगळीकडे आग. पाणी लावून चोळलं तर ती आणखी पसरते, हे मला आता माहीत आहे. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बंद कॉलर, डोक्याला रुमाल, आणि कुसं लागलीच तर चिकटपट्टीने उपटून काढा. चोळायचं नाही.

पऱ्या संपल्यावर सावलीच्या आशेने वर आलो तर समोर बोडका डोंगर. वर्णनात इथे "दाट जंगलातली पायवाट" होती. आमच्यासमोर नुसती खोडं होती, गुडघ्याएवढी, बुंध्यातून नवे फुटवे आलेली. लाकूड ओढायला जेसीबीने काढलेला रस्ता तीन ठिकाणी जुन्या पायवाटेवरून गेला होता आणि लाल मुरूम खाली सरकत होता. नऊ वाजता तिथे उभं राहवत नव्हतं. साधारण 35 मिनिटं आम्ही त्या उतारावर आडव्या चाललो, अर्धा वेळ हातापायांवर. मला तिथे रडू आलं, आणि ते काही गुडघ्यामुळे नाही.

पलीकडच्या कडेला पुन्हा रान सुरू झालं. अगदी रेघ मारल्यासारखं. अलीकडे खोडं, पलीकडे काळोखी सावली. रेघेपलीकडे एक आबा आणि त्यांची सून वणवा अडवायला वाळकी पानं बाजूला सारून जाळरेषा काढत होते. आम्हाला बघून आबा म्हणाले, "पऱ्यातनं आलात? आमची गुरंपन जात नाय तिथनं." सूनबाईंनी काही न विचारता आमच्या मानेला ओलं शेण लावलं. आग कमी झाली, खरंच झाली.

ते त्या रानाचे मालक होते. मी आयुष्यभर समजत होते की डोंगरावरचं जंगल म्हणजे वनखात्याचं. रत्नागिरी जिल्ह्यात तसं नाही. इथलं जवळजवळ सगळं जंगल लोकांच्या मालकीचं आहे, सातबाऱ्यावर नावं असलेलं. आबांच्या चाळीस एकरांच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत, त्यातली बारा मुंबईत. तोडवाला ठेकेदार येतो, उभ्या झाडांचा एकरकमी सौदा करतो, जळाऊ लाकूड घाटावर जातं. शेजारच्या घरात आजारपण निघालं, त्यांनी सौदा केला. म्हणून बोडका डोंगर. म्हणून आमची "दाट पायवाट" नाहीशी झालेली. त्या घराला मी नावं ठेवणार नाही. दवाखान्याचे पैसे झाडांमधूनच उभे राहणार असतील तर झाडं जाणारच.

आबांचं रान उभं राहिलं त्यामागे पुण्याची एक छोटी संस्था आहे, अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन. 1994 पासून सह्याद्रीच्या या उत्तरेकडच्या भागात काम करते. देवरायांपासून सुरुवात केली, मग खासगी जंगलांकडे वळली. पद्धत सरळ आहे : मालकाशी करार करायचा, ठरावीक वर्षं झाड तोडायचं नाही, आणि त्याचा मोबदला द्यायचा. जंगल सांभाळा असं नुसतं सांगत नाहीत, सांभाळण्याचे पैसे देतात. दुसरा भाग बेहड्याचा. पूर्वी बेहड्याला किंमत फक्त लाकडाची, तीही खोक्यांच्या फळ्यांपुरती. आता त्रिफळ्यासाठी फळं गोळा होतात, फेअरवाइल्ड नावाचं प्रमाणपत्र लागून चांगल्या भावाने परदेशातल्या हर्बल चहावाल्यांकडे जातात. फांद्या तोडायच्या नाहीत, पाखरांसाठी फळं शिल्लक ठेवायची, असे नियम पाळावे लागतात. भीमाशंकरकडे महादेव कोळी लोकांबरोबर हिरड्याचं असंच काम चालतं. उभं झाड दर वर्षी पैसे देतं म्हटल्यावर मालक ते विकताना दहा वेळा विचार करतो. मोठ्या संस्थांचे मोठे प्रकल्प मी बरेच वाचलेत. या एका रेघेने मला जेवढं पटवलं तेवढं त्यांतल्या कशानेही नाही.

आणि बेहडा! दोघींनी हात पसरले तरी अर्धा बुंधाही कवेत येईना. उंचावर एक ढोली, तिचं तोंड लिंपून बंद, फक्त एक उभी चीर. मादी आत स्वतःला कोंडून घेते. अंडी, पिल्लू, सगळं आतच, तीन ते चार महिने. नर बाहेरून भरवतो. तो आला नाही तर आतली दोघं उपाशी. म्हणून आबांनी आम्हाला साठ-सत्तर पावलं लांब, करवंदीच्या जाळीआड बसवलं आणि बोलायचं नाही म्हणाले. पाऊण तास काही नाही. मग आवाज आला. आधी आवाजच येतो, इंजिन वाफ सोडत यावं तसा पंखांचा घुऊं-घुऊं. पिवळं शिंग, पांढरी मान, बेहड्याच्या फांदीवर धप्पकन बसला, आणि गळ्यातून एकेक उंबर वर काढत चिरीतून आत देत राहिला. मी मोजली, एकवीस. पऱ्या, मुरूम, 1,500 रुपये, काहीही आठवत नव्हतं.

तरीही सांगते, आमच्या वाटेने येऊ नका. आबांच्या घरामागून बांधाबांधाने वाट आहे, तासाभराची, सावलीची. उतरताना आम्ही तिनेच आलो. पण ती त्यांच्या जमिनीतून जाते, तेव्हा आदल्या दिवशी विचारून, घरच्या माणसाला बरोबर घेऊनच जा. त्याच्या दिवसाचे पैसे त्याच्याच हातात द्या, मधल्या माणसाला नाही. प्रत्येकी तीन लिटर पाणी लागतं. स्टोव्ह, काडेपेटी, सिगारेट काहीही नेऊ नका, एका ठिणगीत वणवा लागतो. ढोलीखाली जाऊन फोटो काढणाऱ्यांनी कृपया येऊच नका. चारपेक्षा जास्त माणसं नकोत. ग्रुप घेऊन जाण्याची ही जागा नाही.

मार्लेश्वर आणि कसब्याचं कर्णेश्वर दुसऱ्या दिवशी केलं. छान आहे, वाट सोपी आहे.

निघताना आबांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, फोटो काढलात ना, तो धुऊन पाठवा. कराराची मुदत संपत आली आहे आणि पुन्हा सतरा सह्या लागणार आहेत. मुंबईतल्या बारांपैकी कोणीही तो पक्षी पाहिलेला नाही. मी बारा प्रती काढून पाठवल्या, पण माझ्या फोनवरचा फोटो धूसर आहे, शिंग नीट दिसत नाही. तुमच्यापैकी कोणाकडे लांबची लेन्स असेल तर लांबूनच एक चांगला फोटो काढा आणि मोठ्या आकारात छापून त्या घरी नेऊन द्या. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, त्याच्या आत.