शेंगांच्या देशात गोट्यांचं मतदान

सेनेगलच्या राजधानीत, डाकारला नोकरीसाठी येऊन दीड वर्ष झालं तरी बाजारात माझी फजिती व्हायची. कोणी लुबाडत नव्हतं, हिशेबच कळत नव्हता. कांदेवाली म्हणायची, "टेमेर." वोलोफ भाषेत टेमेर म्हणजे शंभर, एवढं मी पाठ केलं होतं. मी ऐटीत शंभर फ्रँकचं नाणं पुढे करायचो आणि ती शेजारणीकडे बघून हसायची. तिला पाचशे हवे असायचे. वोलोफमध्ये बाजारहाट करताना फ्रँक मोजत नाहीत, 'डेरेम' मोजतात, आणि एक डेरेम म्हणजे पाच फ्रँक. शंभर डेरेम, पाचशे फ्रँक. आपल्याकडे १९५७ साली आणे गेले, पण माझी आजी शेवटपर्यंत पंचाहत्तर पैशांना बारा आणेच म्हणायची, तशातलाच प्रकार. पण पाचच का? हे मी बऱ्याच जणांना विचारलं. "असंच असतं," एवढंच उत्तर मिळालं.

त्याचं उत्तर मला दुसऱ्याच देशात सापडलं, तेही एका निवडणुकीच्या निमित्ताने.

आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर गांबियाचा. डिसेंबर २०२१ मध्ये तो मत द्यायला गावी निघाला होता. मला म्हणाला, "तुमच्याकडे मशीनवर बटण दाबतात ना? चल, आमच्याकडे गोट्यांनी मतदान करतात ते बघ." मला वाटलं, थट्टा करतोय. "काय गोट्या खेळत होतास का?" हे वाक्य लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय की गोटी आणि गंभीर काम हे दोन शब्द माझ्या डोक्यात शेजारी बसतच नव्हते.

निघालो. काओलाकपर्यंत रस्ता बरा होता. हे गाव म्हणजे सेनेगलच्या शेंगांची राजधानी. हंगाम नुकताच सुरू झालेला, त्यामुळे ट्रकमधून पोती, रस्त्याकडेला पोती, गाढवगाड्यांवर पोती. भुईमुगाच्या पाल्याचा तो कोरडा, मातकट वास आला आणि गाडीत बसल्याबसल्या मी थेट मामाच्या खळ्यावर पोहोचलो. तिथून दक्षिणेला वळलं की गांबियाची सीमा.

गांबिया नकाशात बघावा. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा सगळ्यात छोटा देश, सेनेगलच्या पोटात खुपसलेल्या बोटासारखा. नदीच्या दोन्ही काठांनी चिंचोळी पट्टी, कुठेही पन्नास किलोमीटरहून रुंद नाही. १८८९ मध्ये इंग्रज आणि फ्रेंच यांनी वाटण्या केल्या. नदी इंग्रजांना, भोवतालचा सगळा मुलूख फ्रेंचांना. माणसं दोन्हीकडे तीच, भाषा त्याच, सोयरिकी आरपार. फक्त एका बाजूला शाळेत फ्रेंच शिकवतात, दुसऱ्या बाजूला इंग्रजी.

सीमेवर पैसे बदलणाऱ्यांची गर्दी असते. हातात नोटांची जाड गड्डी, खिशात कॅलक्युलेटर. मी फ्रँक दिले, डलासी घेतले. एक डलासी म्हणजे तेव्हा आपला साधारण दीड रुपया, त्यामुळे मला बरं वाटलं. आता तरी हिशेब चुकणार नाही. नोट बघत मी सहज विचारलं, डलासी म्हणजे काय हो? त्या माणसाने माझ्याच हातातली फ्रँकची नोट दाखवत सांगितलं, "तुमचंच जुनं नाणं. पाच फ्रँकचं."

नंतर वाचलं, माणूस बरोबर होता. एकोणिसाव्या शतकात गांबिया इंग्रजांची वसाहत होती, पण तिथे चलन म्हणून खणखणायचं ते फ्रान्सचं चांदीचं पाच फ्रँकचं नाणं. लोक त्याला 'डाला' म्हणायचे, डॉलरचा अपभ्रंश. १८४३ मध्ये इंग्रजांनीच त्याला कायदेशीर मान्यता दिली आणि भाव ठरवून टाकला, ३ शिलिंग साडेदहा पेन्स. राणीच्या राज्यात फ्रेंच नाणं कशाला? तर शेंगांमुळे. फ्रान्समधल्या मार्सेलच्या साबण कारखान्यांना तेल हवं होतं, आणि गांबियाच्या शेंगांचे मोठे गिऱ्हाईक फ्रेंच होते. १८३० च्या सुमारास इथून शेंगांच्या पहिल्या काही टोपल्या बाहेर गेल्या आणि वीस वर्षांच्या आत हजारो टन जायला लागल्या. गिऱ्हाईक ज्या नाण्यात पैसे मोजेल ते नाणं चालणार, मग गादीवर कोणीही असो. (पुढे पाँडिचेरीच्या बंदरातून आपल्या दक्षिणेकडची शेंगही मार्सेललाच जायला लागली. म्हणजे तमिळ शेतकरी आणि गांबियाचा शेतकरी एकाच साबणासाठी राबत होते, एकमेकांचं नावही न ऐकता.)

पहिल्या महायुद्धानंतर फ्रँक घसरला, पण गांबियात ठरलेला भाव तसाच होता. मग व्हायचं तेच झालं. बाहेर स्वस्त झालेली नाणी इथे येऊन महाग खपायला लागली. शेवटी १९२२ मध्ये ती मोडीत काढावी लागली आणि वसाहतीच्या तिजोरीला चांगलाच फटका बसला. नाणं गेलं, नाव राहिलं. १९७१ मध्ये स्वतःचं चलन आणायची वेळ आली तेव्हा त्यांनी तेच नाव घेतलं. डलासीचा भाव ठेवला चार शिलिंग, म्हणजे जुन्या नाण्याच्या भावाच्या जवळपासच. आणि सीमेपलीकडे माझी कांदेवाली अजून त्याच पाचाच्या हिशेबाने मला हसतेय.

सीमेजवळच्या फाराफेन्नीच्या पुढे तासाभरावर आमच्या ड्रायव्हर मित्राचं गाव. त्याच्या काकांचं घर म्हणजे मोठं अंगण, भोवती खोल्या, मधे आंब्याचं झाड. काका सत्तरीच्या पुढचे. रामराम-शामराम संपता संपत नाही, कारण इथल्या मान्डिंका लोकांच्या रिवाजाने घरच्या एकेकाची ख्यालीखुशाली विचारावी लागते. त्यांनी माझ्या आईची चौकशी केली, तिच्या शेताचीही केली. शेत नाही म्हटल्यावर चेहऱ्यावर जरा दया दिसली.

जेवायला डोमोडा. शेंगदाणे वाटून, त्यात टोमॅटो, कांदा, मिरची घालून रटरटवलेला दाट रस्सा. माझ्यासाठी मांसाऐवजी भोपळा घातला होता. एका मोठ्या परातीत भात, वर रस्सा, भोवती आम्ही सात जण. पहिला घास घेतला आणि म्हटलं, ही तर दाण्याची आमटी. आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "उपासाच्या आमटीत कांदा कुणी घातला?"

भात मात्र माझ्या ओळखीचा होता. कणी. तुकडा तांदूळ, जो आपल्याकडे निवडून बाजूला काढतात. इथे तोच आवडीचा. पोत्यावर नाव भारतातलं. नदीकाठच्या या देशात बायका पिढ्यान्‌पिढ्या दलदलीत भात लावतात, तरी पोती बाहेरून येतात, आणि हेही आजकालचं नाही. एकोणिसाव्या शतकातच पुरुषांचा वेळ शेंगांत जायला लागला आणि शेंगांच्या पैशातून बाहेरचा तांदूळ यायला लागला. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या सरकारने कणीची निर्यात बंद केली तेव्हा मित्राने मला ऑफिसच्या जिन्यात गाठून विचारलं होतं, "आमच्या काकूने तुमचं काय बिघडवलंय?" पुढच्या वर्षी गांबियासाठी पन्नास हजार टनांची खास सवलत निघाली. ती बातमी आपल्याकडे किती जणांनी वाचली असेल कुणास ठाऊक.

संध्याकाळी अंगणात अटाया. हिरवा चहा छोट्या किटलीत निखाऱ्यावर उकळतात आणि एका पेल्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतत राहतात, फेस येईपर्यंत. तीन फेऱ्या होतात. पहिली कडू जहर, पुढच्या गोड होत जातात. तासभर सहज जातो. काका सुपात बियाण्याच्या शेंगा घेऊन बसले होते. एकेक शेंग कानाजवळ हलवायची, पोचट निघाली की शेळीपुढे. बोलणं चालू, बोटं चालू.

त्यांच्या लहानपणी पावसाळ्याच्या तोंडाला माली, गिनीहून परकी माणसं पायी यायची. इंग्रज दफ्तरात त्यांना 'परके शेतकरी' असंच म्हणत. आठवड्यातले काही दिवस घरमालकाच्या शेतात काम करायचं, त्या बदल्यात जेवण, निजायला जागा आणि जमिनीचा एक तुकडा. त्या तुकड्यावर स्वतःची शेंग. हंगाम संपला की विकून घरी. मी आपल्या शब्दांत बसवून बघत होतो. सालगडी? नाही, कारण पीक त्याचं त्याला. वाटेकरी? तेही नाही. बीडहून कोयता घेऊन निघणाऱ्या जोड्या आठवल्या, पण त्यांना कोण जमिनीचा तुकडा देतो? "त्यातले काही इथेच राहिले," काका म्हणाले. "माझा आजा तसाच आलेला."

मग शेंगा काउरच्या धक्क्यावर जायच्या आणि तिथून नदीने समुद्राकडे. भाव मंडळ ठरवायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजांनी पश्चिम आफ्रिकेत जागोजाग ही पणन मंडळं काढली. तत्त्व ऐकायला गोड होतं. भाव चढा असताना शेतकऱ्याला थोडं कमी द्यायचं, शिल्लक ठेवायची आणि भाव पडला की त्यातून भरपाई करायची. शिल्लक ठेवली लंडनमध्ये, ब्रिटिश सरकारच्या रोख्यांत. युद्धाने कर्जबाजारी झालेल्या साम्राज्याला फाराफेन्नीच्या शेतकऱ्याने असा हातभार लावला. इतिहासाच्या पुस्तकांत इंग्रजांनी वसाहतींना दिलेल्या मदतीची प्रकरणं असतात, उलट्या दिशेने गेलेल्या या पैशाला मात्र दोन ओळी मिळाल्या तर नशीब.

त्यांच्या मदतीचीही एक गोष्ट काकांनी हसत हसत सांगितली. राजधानीजवळ युंडुमला, जिथे आज विमानतळ आहे तिथे, १९४८ मध्ये इंग्रजांनी जंगल तोडून कोंबड्यांचा प्रचंड प्रकल्प काढला. रेशनवर जगणाऱ्या इंग्लंडला गांबियातून वर्षाला दोन कोटी अंडी पाठवायची होती. कोंबड्यांचं खाद्य तिथेच पिकवणार होते, ते पिकलं नाही. कोंबड्यांत मर आली. आठ लाख पौंडांहून जास्त घालवून १९५१ मध्ये गाशा गुंडाळला. "आम्हाला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं," काका म्हणाले आणि आणखी एक पोचट शेंग शेळीपुढे टाकली.

शनिवार, ४ डिसेंबर. सकाळी आठला मतदान सुरू. काका इस्त्रीचा पांढरा झगा घालून पहाटेच शाळेकडे गेले. मी उशिरा उठलो आणि पडवीतली सायकल घेऊन निघालो. शाळा दिसायला लागली तसा एक पोरगा ओरडत अंगावर धावून आला, मग दुसरा, मग एक पोलीस. मला वाटलं, परदेशी म्हणून अडवताहेत. पोलिसाने सायकलच्या घंटीवर बोट ठेवलं, वाजवली नाही, नुसतं ठेवलं. मतदानाच्या दिवशी केंद्राजवळ सायकल चालत नाही. गुपचूप हातात धरून परत नेली.

कारण असं. आत प्रत्येक उमेदवाराचा एक पत्र्याचा पिंप, त्याच्या पक्षाच्या रंगात रंगवलेला, वर फोटो आणि चिन्ह. त्या वर्षी सहा उमेदवार, म्हणून सहा पिंपं. मतदाराच्या बोटाला शाई लावतात आणि एक काचेची गोटी देतात. तो आडोशामागे जातो आणि हव्या त्या पिंपाच्या नळीत गोटी सोडतो. नळीच्या खाली घंटी असते, ती वाजते. तळाला वाळू किंवा भुसा घातलेला असतो, म्हणजे गोटी पडल्याचा दुसरा आवाज येत नाही. एक माणूस, एक टिंग. दोन वाजल्या तर बाहेर बसलेले सगळे कान टवकारतात. आणि म्हणूनच सायकलच्या घंटीला बंदी.

लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी १९६० च्या दशकात ही पद्धत आणली. गोऱ्या पर्यटकांना तिची फार गंमत वाटते. मला तेवढी वाटली नाही, कारण आपलीही पहिली निवडणूक साधारण अशीच झाली होती. १९५१-५२ मध्ये मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. उमेदवारागणिक वेगळी पेटी, तिच्यावर चिन्ह, हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. कागद नाशिकच्या छापखान्यात छापलेले, लोखंडी पेट्यांपैकी कितीतरी विक्रोळीत गोदरेजने बनवलेल्या. आपण ती पद्धत सोडली, यांनी टिकवली. गोटी घडी घालून खिशात लपवता येत नाही, बाद होत नाही. मोजायला फळ्या असतात, दोनशे किंवा पाचशे खळग्यांच्या. गोट्या ओतायच्या, सारख्या करायच्या, फळी भरली की आकडा तयार. २०१६ पासून मोजणीही तिथल्या तिथेच होते. त्याच वर्षी बावीस वर्षं सत्तेवर असलेले याह्या जामेह गोट्यांनी पडले. आधी हार मानली, आठवड्याभरात फिरले. नवे अध्यक्ष अडामा बॅरो यांनी जानेवारीत शपथ घेतली ती डाकारमध्ये, गांबियाच्या वकिलातीत. शेजारी देशांच्या फौजा सीमेवर आल्या तेव्हा कुठे जामेह निघाले. आमच्या मित्राचं अख्खं घर त्या दिवसांत सीमेपलीकडे मावशीकडे होतं.

मला आत जायची परवानगी नव्हतीच. कुंपणाबाहेर कडुनिंबाखाली उभा राहिलो. रांग लांब, बायकांचे कपडे ईदला असावेत तसे. उन्हात सगळं शांत होतं आणि त्या शांततेत, वर्गाच्या खिडकीतून, नीट कान दिला तर ऐकू यायचं. टिंग. मग बराच वेळ काही नाही. मग टिंग.

रविवारी संध्याकाळी रेडिओवर निकाल. मतदारसंघ एकामागून एक, प्रत्येकाचे सहा आकडे. बॅरो पुन्हा निवडून आले, त्रेपन्न टक्के. गल्लीत काही पोरं नाचली, काही घरांत रेडिओ बंद झाला. काकांचा चालूच होता. चेहऱ्यावरून काही कळेना. सूप मांडीवर, शेंग कानाशी.

तिसऱ्या फेरीचा चहा हातात आल्यावर मी धीर करून विचारलंच, "काका, तुम्ही कोणाला दिलंत?"

त्यांनी हातातली शेंग हलवून बघितली, बियाण्यात टाकली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "टिंग."