शेजाऱ्यांचा त्रास आणि आईची वही

इंदूरला सुदामा नगरात आमच्या आणि शेजाऱ्यांच्या घराची एक भिंत सामाईक आहे. फाटकासमोर गाडी आडवी लावू नका, एवढेच बाबांनी त्यांना सांगितले आणि त्या दिवसापासून त्रास सुरू झाला. आई सकाळी ओटला धुऊन रांगोळी काढी आणि अर्ध्या तासात तिच्यावर राखेचे पाणी ओतलेले असे. बोलायला गेले की शिव्या आणि ‘बघून घेतो’ ही धमकी ठरलेली. बाबांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते. त्यांना रिक्षापर्यंत न्यायचे तर ती गाडी हटेपर्यंत काठी टेकून उभे राहावे लागे, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटले.

पोलीस ठाण्यात आमची तक्रार ‘अदम चेक’ म्हणून, म्हणजे अदखलपात्र म्हणून, नोंदवली गेली. शिवीगाळ आणि साधी धमकी ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 352 आणि 351 मध्ये येतात, आणि अशा गुन्ह्यात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. तो कागद मला तेव्हा निरुपयोगी वाटला, पण पुढे सर्वांत आधी तोच कामी आला.

ओळखीच्या वकीलकाकूंनी आईला एक साधी वही घालायला सांगितली. ‘सकाळी 7.10, राख, दूधवाले भैया समोर होते’, अशा तिच्या नोंदी आहेत. मत नाही, विशेषण नाही. कॅमेरा आम्ही फक्त आपल्या फाटकाकडे तोंड करून लावला. त्याचे चित्रण न्यायालयात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसू नये.

खरा उपयोग झाला तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 चा. शांतता भंग होण्याची शक्यता दिसली, तर कार्यकारी दंडाधिकारी संबंधिताकडून जास्तीत जास्त एक वर्षासाठी बंधपत्र, म्हणजे शांतता राखण्याची लेखी हमी, घेऊ शकतात. आपल्याकडे यालाच ‘बाउंड ओव्हर’ म्हणतात. इंदुरात 2021 च्या डिसेंबरपासून पोलीस आयुक्त पद्धत आहे, म्हणजे हे दंडाधिकाऱ्यांचे अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडे आहेत, त्यामुळे आमची सुनावणी सहायक पोलीस आयुक्तांसमोर झाली. वहीची पाने आणि अदम चेकची प्रत त्यांनी शांतपणे वाचली आणि शेजाऱ्यांकडून बंधपत्र लिहून घेतले.

दिवाणी न्यायालयात कायम मनाईचा, म्हणजे त्रास देण्यास कायमची बंदी मागणारा, दावाही लावता येतो, पण तो वर्षानुवर्षे चालू शकतो. भिंतीचा किंवा वाटेच्या हक्काचा वाद असेल तरच मी तो सुचवेन. बाईमाणसाने वकिलाच्या फीसाठी मागे हटू नये, कारण 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने उत्पन्न कितीही असले तरी स्त्रियांना मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा किंवा 15100 वर फोन करावा.

बंधपत्राची मुदत अजून संपलेली नाही. आई वही रोज उघडते, तारीख घालते, आणि बहुतेक दिवशी पुढे ‘काही नाही’ एवढेच लिहिते.