मक्याची झाडं दाटीत राहायला कशी शिकली

मला बरीच वर्षं वाटायचं की मक्याचं उत्पादन वाढलं म्हणजे ब्रीडर, म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्या लोकांनी कणीस मोठं केलं असणार, विषय संपला. पण तसं फारसं झालेलंच नाहीये. अमेरिकेत 1930 च्या सुमारास हेक्टरी साधारण 30 हजार झाडं असायची, आता 80 हजारांच्या आसपास, आणि गंमत म्हणजे जुने नि नवे हायब्रिड भरपूर अंतर सोडून लावले तर एका झाडामागं दाणे बऱ्यापैकी सारखेच निघतात. फरक दिसतो तो दाटीत. जुनं हायब्रिड गर्दीत गेलं की कणीसच धरत नाही नाहीतर सरळ आडवं पडतं, नवं मात्र निमूटपणे एक कणीस भरून देतं. थोडक्यात इतक्या पिढ्या निवड झाली ती शेजारी सहन करण्याची!

आता ही सहनशक्ती काही एका जीनमध्ये नसते, ती बारीकसारीक गुणांतून येते. पानं उभट असली की खालच्या पानांपर्यंत ऊन पोचतं, तुरा लहान असला की सावली कमी पडते आणि झाडाचं अन्नही तिकडे कमी जातं. पण मला सगळ्यात भारी वाटतो तो गुण म्हणजे तुऱ्यातून पराग पडायला लागणं आणि कणसाचे केस बाहेर येणं यात किती दिवस जातात तो. एक केस म्हणजे एक दाणा, त्यावर पराग पडला तरच तो भरतो. पाण्याचा ताण पडला की केस उशिरा निघतात, तोवर पराग संपलेला, मग कणीस बोडकं. मेक्सिकोतल्या सिमिट या मका-गहू संशोधन संस्थेच्या ब्रीडर्सनी दुष्काळासाठी निवड करताना हेच दिवसांचं अंतर धरलं, कारण दुष्काळात नुसतं दाण्यांचं वजन करून झाडं निवडली तर जमिनीचा फरक कुठला आणि आईबापाकडून आलेलं काय हे कळतच नाही, हे अंतर मात्र त्या मानानं भरवशानं पुढच्या पिढीत उतरतं.

असंच कणसावरच्या ओळींचं. ओळी किती हे बरंचसं रक्तातच असतं, एका ओळीत दाणे किती भरणार हे पाणी नि हवा जास्त ठरवते. आणि ओळी मोजून बघा कधी, जवळजवळ नेहमी सम निघतात, 14 नाहीतर 16, कारण कणसावर फुलं जोडीजोडीनंच येतात.