गच्चीवरच्या गंजक्या सळ्या: ठेवायच्या की कापायच्या?

‘वरचा मजला पुढे बघू’ म्हणत गच्चीवर कॉलमच्या सळ्या सोडून देतात. काही जण त्यांच्यावर रिकाम्या बाटल्या उपड्या घालतात. बाटली टोक झाकते, पण गंज खायला बसतो तो बुडाशी. पाच-सात पावसाळ्यांनी काम निघालं की सळ्या बांधणारा फिटर म्हणतो, “ब्रश मारू, होऊन जाईल.” कधी खरंच होतं, कधी अजिबात होत नाही.

रंगावर जाऊ नका. नवीकोरी सळईही एका पावसात तांबडी होते, आणि तो पातळ, घट्ट गंज काँक्रीटची पकड बिघडवत नाही. आयएस ४५६ला, म्हणजे काँक्रीट कामाच्या भारतीय मानकाला, नको आहे तो सुटा गंज, सुटी खपली, तेल, रंग आणि माती. तारेचा ब्रश मारून बघा. नुसती पूड निघाली आणि रिब्ज, म्हणजे सळईच्या अंगावरच्या उठावदार रेघा, शाबूत असतील तर सळई चांगली. पापुद्रे सुटले, रिब्ज बोथट झाल्या, नखाला खड्डे लागले, तर पुढे तपासायचं.

तपासायचं बुडाशी. सळई जिथे स्लॅबमधून वर येते तिथे पाणी साचतं, आणि नेमकी तिथेच ती कंबरेत बारीक होते. वरचा भाग मात्र ठणठणीत दिसतो. छिन्नी-हातोडीने भोवतालचं काँक्रीट ७५-१०० मिमी खाली फोडा, करडं, स्वच्छ पोलाद दिसेपर्यंत. मग रिब्जच्या मधल्या जागेत व्हर्नियर (जाडी मोजायची मापपट्टी) लावून खालचं आणि कंबरेचं माप घ्या. तुलना याच दोन मापांची करायची. १२ मिमी या नावाशी नाही, कारण रिब्जमधला गाभा मुळातच थोडा कमी भरतो.

व्यास १ मिमीने घटला तर १६ मिमीच्या सळईचं क्षेत्रफळ १२ टक्के जातं, १२ मिमीचं १६ टक्के आणि ८ मिमीच्या रिंगचं, म्हणजे मुख्य सळ्यांभोवतीच्या आडव्या कडीचं, २३ टक्के. म्हणून जुन्या रिंगा वाचवायच्या भानगडीत पडू नये, सरळ नव्या घालाव्यात. मुख्य सळईचं १० टक्क्यांहून जास्त गेलं असेल तर मी ती हिशेबात धरणार नाही. शेवटचा शब्द अर्थात स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. फोडत खाली गेल्यावरही गंजच लागत असेल, किंवा कॉलमला सळईच्या रेषेत उभी चीर असेल, तर मजल्याचा विषय बाजूला ठेवून आधी त्याला बोलवा.

साइटवर पडून राहिलेल्या मालाला वजनकाटा पुरतो. १ मीटर तुकडा घासून तोला. १२ मिमीचं वजन ८८८ ग्रॅम. आयएस १७८६प्रमाणे (सळ्यांचं भारतीय मानक) एका नमुन्यात ६ टक्के कमी चालतं, म्हणजे साधारण ८३५पर्यंत. ८ मिमीचं ३९५, तिथे ८ टक्के सूट, म्हणजे ३६३.

ठेवायची सळई ग्राइंडरला कप ब्रश लावून घासा, चकचकीत करायची गरज नाही. समुद्राजवळ असाल तर नंतर गोड्या पाण्याने धुवा, कारण खड्ड्यात बसलेलं मीठ ब्रशने निघत नाही. संडास धुवायचं ॲसिड अजिबात नको, त्यातलं क्लोराइड मागे राहून आतून पुन्हा गंज धरतं.

बाद सळईला वेल्डिंगने जोड देऊ नका. टीएमटीचं, म्हणजे हल्लीच्या नेहमीच्या सळईचं, बाहेरचं कडक कवच उष्णतेने मऊ पडतं. तिच्याशेजारी नवी सळई काँक्रीटमध्ये भोक पाडून केमिकलने, म्हणजे घट्ट होणाऱ्या रासायनिक गोंदाने, बसवतात: १२ मिमीला १६चं भोक, खोली इंजिनिअर सांगेल तेवढी. फुंकणं, ब्रश, पुन्हा फुंकणं, हे टाळलं तर केमिकल भोकाला चिकटण्याऐवजी धुळीला चिकटतं आणि सळई ओढल्यावर सटकते.

मजला अजून लांब असेल तर सळ्यांभोवती १:४:८चं (सिमेंट, वाळू, खडी) कच्चं काँक्रीट ओतून खुंट करून ठेवा, माथ्याला उतार देऊन. प्लॅस्टिक घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. मजला चढवताना खुंट सहज फुटतो, फक्त छिन्नीचा घाव सळईवर बसू देऊ नका.