नायब राज्यपालाला मत कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. २०२५च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या आमच्या व्हर्जिनिया राज्यात निवडणूक झाली, तेव्हापासून नाशिकच्या काकांसकट सगळ्यांचा हाच प्रश्न आहे: "नायब राज्यपालाला मत कशाला द्यायचं? तो तर नेमतात ना?"

दिल्लीचा नेमतात, राष्ट्रपती. घोळ सगळा नावाचा आहे. इथला गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्रीच, राज्य चालवणारा. लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे नायब राज्यपाल, त्याच्या खालोखाल, पण व्हर्जिनियात त्यालाही लोकच निवडतात आणि दोघांसाठी मतं वेगळी. २००५ साली गव्हर्नर झाले डेमोक्रॅटिक पक्षाचे टिम केन आणि लेफ्टनंट गव्हर्नर रिपब्लिकन बिल बोलिंग. चार वर्षं एका घरात दोन चुली! शेजारच्या मेरिलँडमध्ये ही सोय नाही. तिथे जोडीनंच उभं राहायचं, एकाच मतात दोघं.

काम काय? खरं सांगायचं तर वर्षातले बरेच दिवस फारसं नाही. पद अर्धवेळ, पगार वर्षाला ३६,३२१ डॉलर. गव्हर्नरची खुर्ची अचानक रिकामी झाली तर ती याला मिळते. एरवी अधिवेशनात सिनेटच्या, म्हणजे राज्याच्या वरिष्ठ सभागृहाच्या, अध्यक्षस्थानी बसायचं. पण सिनेटर आहेत ४०, आणि मेख तिथेच आहे. मतं २०-२० पडली की निर्णायक मत याचं. २०११च्या निवडणुकीत तर पक्षांचं बळच २०-२० झालं आणि बोलिंग यांच्या एका मताच्या जोरावर सिनेट रिपब्लिकनांच्या ताब्यात गेलं. समसमान मतं पडली तर आपल्या विधान परिषदेच्या सभापतींनाही असंच मत असतं, असं सांगितल्यावर काकांना पटलं.

काकूंचा प्रश्न वेगळाच. "ती हैदराबादची म्हणूनच दिलंस ना मत?" ती म्हणजे लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून निवडून आलेल्या डेमोक्रॅट गझाला हाश्मी. जन्म हैदराबादचा खरा, पण चार वर्षांच्या असतानाच त्या अमेरिकेत आल्या. मतपत्रिकेवर ते नाव दिसल्यावर पेन क्षणभर थबकलं, हे कबूल. पण डोक्यात आधीपासून हिशेब चालू होता: सिनेटमध्ये डेमोक्रॅट २१, रिपब्लिकन १९. एकानं जरी पारडं बदललं की २०-२०.

आणि गंमत म्हणजे हाश्मी स्वतः तेव्हा त्या २१ जणांतल्याच.